'कुड'मध्ये भूतकाळ कुठे आहे? इंग्रजीतली मोडल क्रियापदं नेमकी वापरायची कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेत 'कॅन'चा भूतकाळ 'कुड', 'विल'चा 'वुड', 'मे'चा 'माइट' असा तक्ता पाठ करून घेतला. मग 'कुड यू हेल्प मी?' या वाक्यात भूतकाळ कुठे आहे? आणि कामाचे ईमेल लिहिताना यांतलं कोणतं मोडल (म्हणजे मुख्य क्रियापदाआधी येऊन शक्यता, परवानगी किंवा सक्ती दाखवणारं सहायक क्रियापद) घ्यावं, हे व्याकरण येत असूनही दर वेळी का अडतं?

अडतं ते त्या तक्त्यामुळेच. तो खोटा नाही, अपुरा आहे. 'कुड', 'वुड', 'माइट' ही रूपं भूतकाळ दाखवतात असं म्हणण्यापेक्षा ती अंतर दाखवतात असं म्हटलं, तर गोष्टी जागेवर बसायला लागतात. हे अंतर तीन प्रकारचं असतं. काळाचं अंतर: 'आय कुड स्विम व्हेन आय वॉज फाइव्ह', पाच वर्षांचा असताना मला पोहता यायचं. वास्तवापासूनचं अंतर: 'इफ आय हॅड टाइम, आय कुड कम', वेळ असता तर आलो असतो, पण वेळ नाही. आणि माणसापासून राखलेलं अंतर: 'कुड यू हेल्प मी?' इथे बोलणारा समोरच्यावर चालून जात नाही, नकार द्यायला जागा ठेवतो, आणि म्हणूनच ते वाक्य सौम्य वाटतं. 'कुड' तेच, अंतर मात्र निराळं.

यातून एक बारीक गोष्ट आपोआप सुटते. 'कुड आय यूज युअर फोन?' असं कोणी विचारलं तर उत्तर 'येस, यू कॅन' असं येतं, 'येस, यू कुड' असं येत नाही. मागणाऱ्याने अंतर राखायचं असतं. देणाऱ्याला ते राखायचं कारणच नसतं. काळाचा नियम लावून हे कधीच समजावता येणार नाही.

आता एक छोटा ईमेल घेऊ. शिकणाऱ्यांच्या लिखाणात ज्या चुका मला सतत भेटतात, त्या मी यात मुद्दाम एकत्र केल्या आहेत. ग्राहकाला लिहिलेला मजकूर आहे:

'आय वुड बी ऑन लीव्ह टुमॉरो. आय कुड फिनिश द रिपोर्ट यस्टरडे. यू मस्ट चेक इट बिफोर फ्रायडे. देअर कॅन बी सम मिस्टेक्स. यू मस्ट नॉट रिप्लाय टुडे. इफ यू विल नीड एनी चेंजेस, माय कलीग कॅन एबल टू मेक देम.'

सहा वाक्यं आहेत आणि सहाही बिघडलेली आहेत. पण प्रत्येक बिघाडाचं कारण वेगळं आहे, म्हणून एकेक पाहू.

पहिलं वाक्य, 'आय वुड बी ऑन लीव्ह टुमॉरो'. लिहिणाऱ्याच्या मनात असतं की 'वुड' जास्त नम्र. नम्रता विनंतीत लागते, माहिती देताना नाही. 'मी उद्या रजेवर आहे' ही ठरलेली गोष्ट आहे, तिथे वास्तवापासून अंतर राखलं की वाचणारा अडखळतो. 'रजेवर असतो... पण कधी? काय झालं तर?' तो वाक्याच्या शेवटी 'इफ'ची वाट पाहत राहतो. 'द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे', 'द ऑफिस वुड रिमेन क्लोज्ड' ही वाक्यं सूचनाफलकांवर आणि परिपत्रकांत सर्रास दिसतात, आणि ती सगळी याच कारणाने चुकीची आहेत. ठरलेल्या गोष्टीला 'विल': 'आय विल बी ऑन लीव्ह टुमॉरो'. 'वुड' राखून ठेवा तो 'आय वुड लाइक टू', 'आय वुड बी ग्रेटफुल इफ', 'वुड यू माइंड' अशा ठिकाणी आणि जर-तरच्या वाक्यांत. शिवाय कोणाचं बोलणं सांगताना: 'शी सेड शी वुड कॉल'. ती म्हणाली तेव्हा 'आय विल कॉल' म्हणाली होती. आपण ते काळाने मागे सरकवून सांगतो.

दुसरं वाक्य, 'आय कुड फिनिश द रिपोर्ट यस्टरडे'. इथे खरोखरच भूतकाळ आहे, तरीही वाक्य चुकतं. भूतकाळातला 'कुड' अंगात असलेली क्षमता सांगतो, पार पडलेलं काम सांगत नाही. लहानपणी झाडावर चढता यायचं, तिला तीन भाषा बोलता यायच्या, तिथे 'कुड' अगदी बरोबर. पण काल एका विशिष्ट वेळी एक काम जमलं आणि झालं, हे सांगायचं तर 'आय वॉज एबल टू फिनिश' किंवा 'आय मॅनेज्ड टू फिनिश'. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा नुसतं 'आय फिनिश्ड' पुरतं. मराठीत 'काल अहवाल पूर्ण करू शकलो' हे वाक्य काम झाल्याचंच सांगतं, म्हणून आपण बेधडक 'कुड' लिहितो. इंग्रजी वाचकाला मात्र 'आय कुड फिनिश' वाचून काम झालं की नुसतं जमण्यासारखं होतं, हे कळत नाही.

नकारात ही अडचण उरत नाही. 'आय कुडन्ट फिनिश' हे एका वेळच्या प्रसंगालाही चालतं, कारण काम झालंच नाही, तिथे क्षमता आणि परिणाम यांत फरक करायला काही शिल्लक राहत नाही. 'आय कुड सी', 'आय कुड हिअर', 'आय कुड स्मेल' अशी इंद्रियांची क्रियापदंही याला अपवाद आहेत. ती एका प्रसंगाला सहज चालतात.

तिसरं वाक्य, 'यू मस्ट चेक इट बिफोर फ्रायडे'. व्याकरणाने यात काहीही चूक नाही, आणि म्हणूनच ते सर्वांत घातक आहे. ग्राहकाला, वरिष्ठाला किंवा अनोळखी माणसाला हे वाक्य हुकूम वाटतं. 'मस्ट'मध्ये सक्तीचा उगम बोलणारा स्वतः असतो: मी म्हणतो म्हणून कर. 'हॅव टू'मध्ये सक्ती बाहेरून येते: नियम आहे, परिस्थिती आहे, वेळापत्रक आहे. हा फरक काटेकोर नाही, बोलण्यात दोन्ही एकमेकांच्या जागी येतात, पण ईमेलमध्ये त्याचा उपयोग होतो. 'वी हॅव टू सबमिट इट ऑन फ्रायडे, सो कुड यू चेक इट बाय थर्सडे?' यात सक्ती मुदतीची झाली आणि तुमच्याकडून गेली ती विनंती.

पण 'मस्ट' नेहमी उद्धट असतो असं समजू नका. 'यू मस्ट कम अँड स्टे विथ अस' हे अतिशय प्रेमळ आमंत्रण आहे. 'यू मस्ट रीड धिस' ही मनापासूनची शिफारस आहे. मग फरक कशाने पडतो? फायदा कोणाचा आहे, याने. ऐकणाऱ्याचा फायदा असेल तर जोर लावणं हा आग्रह ठरतो, आणि तिथे उलट मिळमिळीत बोलणं कोरडं वाटतं. 'यू माइट कम टू अवर हाउस' असं आमंत्रण कोणी स्वीकारणार नाही. फायदा बोलणाऱ्याचा असेल तर तोच जोर हुकूम होतो. क्रियापद निवडताना 'किती नम्र?' असं विचारण्यापेक्षा 'हे काम कोणाच्या भल्याचं आहे?' असं विचारलं, तर चूक फार क्वचित होते.

याच ओघात 'हॅड बेटर'बद्दल सावध करतो. त्यात 'बेटर' दिसतं म्हणून अनेकांना तो सौम्य सल्ला वाटतो. तसं नाही. 'यू हॅड बेटर सेंड इट टुडे' याचा सूर 'आज पाठव, नाहीतर बघ' असा आहे. मित्राला 'छत्री घेऊन जा, भिजशील' या अर्थाने चालेल, वरिष्ठाला किंवा ग्राहकाला कधीही नाही.

चौथ्या वाक्यापाशी जरा जास्त थांबतो, कारण मराठी माणसाची खरी अडचण इथे आहे. 'देअर कॅन बी सम मिस्टेक्स.' मराठीत 'शकतो' एकच आहे. 'तो पोहू शकतो' यातही तेच आणि 'उद्या पाऊस पडू शकतो' यातही तेच. मग आपण लिहितो 'इट कॅन रेन टुमॉरो'. इंग्रजीत हे चालत नाही. 'कॅन' सांगतो तो एखाद्या गोष्टीचा स्वभाव, एरवी जे कधीकधी घडतं ते: 'इट कॅन गेट व्हेरी कोल्ड इन द डेझर्ट अ‍ॅट नाइट'. वाळवंटात रात्री कडाक्याची थंडी पडू शकते, हा वाळवंटाचा गुण झाला. उद्याच्या एका विशिष्ट पावसाबद्दल, या विशिष्ट अहवालातल्या चुकांबद्दल अंदाज करायचा तर 'मे', 'माइट' किंवा 'कुड': 'देअर माइट बी सम मिस्टेक्स', 'इट मे रेन टुमॉरो'. नकारात आणि प्रश्नात मात्र अंदाजासाठी 'कॅन' चालतो: 'दॅट कान्ट बी ट्रू', 'हू कॅन इट बी?'

इथे मुळातली गोष्ट सांगायला हवी. जवळपास प्रत्येक मोडल दोन वेगळी कामं करतो. एक काम म्हणजे कृतीवर जोर लावणं किंवा ती मोकळी करणं: करायलाच हवं, करायला हरकत नाही, करू नकोस. दुसरं काम म्हणजे खरं काय असेल याचा अंदाज करणं. 'ही मस्ट बी अ‍ॅट होम बाय टेन' म्हणजे 'त्याने दहापर्यंत घरी असलंच पाहिजे' अशी ताकीद होऊ शकते, किंवा 'दहापर्यंत तो नक्की घरी असणार' असा तर्क होऊ शकतो. संदर्भाशिवाय हे ठरत नाही. बोलणारा कोणतं काम करतोय हे आधी ओळखा. शब्द त्यानंतर निवडायचा.

अंदाजाच्या बाबतीत मराठी आपल्याला फार मोठी मदत करते, फक्त आपण ती घेत नाही. मित्राची बस आठला पोचणार होती आणि आता नऊ वाजलेत असं धरा. 'तो पोचलाच असणार' म्हणालात तर 'ही मस्ट हॅव अराइव्ह्ड'. तुमच्याकडे पुरावा आहे, निष्कर्ष पक्का आहे. 'एव्हाना पोचायला हवा होता, पोचला असावा' म्हणालात तर 'ही शुड हॅव अराइव्ह्ड बाय नाउ'. सगळं नेहमीसारखं झालं असेल तर, अशी अट त्यात दडलेली आहे. 'पोचला असेल, नसेलही' तर 'ही मे हॅव अराइव्ह्ड' किंवा 'ही माइट हॅव'. 'पोचणं शक्यच नाही, बस तर अजून रस्त्यात आहे' तर 'ही कान्ट हॅव अराइव्ह्ड'. आणि दारावर टकटक झाली आणि तुम्ही न बघताच म्हणालात 'तोच असेल', तर 'दॅट विल बी हिम'. हा 'विल' भविष्यकाळाचा अजिबात नाही, तो आत्ताचा आत्मविश्वासाचा अंदाज आहे, आणि आपला 'असेल' नेमका तसाच चालतो. ही शिडी मराठीत तुमच्या कानाला जन्मापासून ठाऊक आहे. शब्द शोधण्याआधी वाक्य मनात 'असणारच', 'असावा', 'असेल' की 'शक्यच नाही' असं म्हणून पाहा. निम्मी निवड तिथेच होते.

एक जागा मात्र लक्षात ठेवा. 'असणारच' याचा नकार 'मस्ट नॉट बी' असा सहसा होत नाही. 'ही मस्ट बी टायर्ड' याच्या उलट 'ही कान्ट बी टायर्ड'. अमेरिकन बोलण्यात तर्कासाठी 'मस्ट नॉट' ऐकू येतो, पण शिकणाऱ्याने 'कान्ट' धरून चालणं सुरक्षित.

भूतकाळाबद्दलच्या अंदाजाला जो 'हॅव' आणि तिसरं रूप लागतं, त्याने आणखी एक मोठा घोळ होतो. 'काल मला जावंच लागलं' याचं भाषांतर अनेकजण 'आय मस्ट हॅव गॉन' असं करतात. त्याचा अर्थ होतो 'मी गेलोच असणार', म्हणजे स्वतःच्याच जाण्याबद्दल तर्क. सक्ती होती आणि गेलो, हे सांगायला एकच वाट आहे: 'आय हॅड टू गो'. 'मस्ट'ला स्वतःचा भूतकाळ नाही. का नाही, ते पुढे येतं.

'शुड हॅव' घेतला की दोन चेहरे दिसतात. अंदाज असेल तर 'एव्हाना व्हायला हवं होतं'. कृतीबद्दल असेल तर 'करायला हवं होतं, केलं नाही'. 'यू शुड हॅव टोल्ड मी' म्हणजे सांगितलं नाही, आणि त्याची तक्रार आहे. 'कुड हॅव' तसाच: 'यू कुड हॅव टोल्ड मी' म्हणजे सांगता आलं असतं, सांगितलं नाहीस. 'माइट हॅव' आणि 'मे हॅव' यांत एक फरक मी आवर्जून पाळायला सांगतो. अपघातातून वाचलेल्या माणसाबद्दल 'ही माइट हॅव डाइड' म्हणायचं, म्हणजे मेला असता, पण वाचला. 'ही मे हॅव डाइड' म्हणजे मेला असेल, आपल्याला माहीत नाही. इंग्रज लोकही हल्ली पहिल्या अर्थाने 'मे हॅव' वापरताना दिसतात, पण जिथे एखाद्याच्या जिवाची बातमी आहे तिथे हा गोंधळ वाचकाला परवडत नाही.

उच्चारात हे 'हॅव' आखडून 'अव्ह' एवढंच उरतं: 'शुडव्ह', 'कुडव्ह'. त्यामुळे ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे असे कित्येकजण लिहिताना 'शुड ऑफ' लिहितात. आपण लेखी इंग्रजीतून शिकलेले, त्यामुळे ही चूक आपल्याकडून कमी होते, पण ऐकताना तो 'अव्ह' निसटतो आणि 'यू शुडव्ह कम' मधला सगळा पश्चात्ताप ऐकूच येत नाही. बातम्या आणि मुलाखती ऐकताना कान तिथे ठेवा.

पाचवं वाक्य, 'यू मस्ट नॉट रिप्लाय टुडे'. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं 'आज उत्तर द्यायला नको, घाई नाही'. वाचणाऱ्याला कळलं 'आज उत्तर द्यायला सक्त मनाई आहे'. हा 'नको' मोठा फसवा आहे. 'तुम्ही यायला नको' याचा अर्थ सुरावर ठरतो, गरज नाही किंवा येऊ नका. इंग्रजी या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या ठेवते. मनाई असेल तर 'मस्ट नॉट'. गरज नसेल तर 'डोन्ट हॅव टू', 'डोन्ट नीड टू' किंवा 'नीडन्ट'. होकारात 'मस्ट' आणि 'हॅव टू' शेजारी शेजारी असतात, नकारात त्यांच्यात दरी पडते, कारण 'मस्ट नॉट'मध्ये नकार कृतीला लागतो: 'न करणं' सक्तीचं. 'डोन्ट हॅव टू'मध्ये नकार सक्तीलाच लागतो: सक्तीच नाही. औषधाच्या वेष्टनावर 'यू मस्ट नॉट टेक धिस विथ अल्कोहोल' लिहिलंय की 'यू डोन्ट हॅव टू टेक धिस विथ फूड', हे न कळणं किती महागात पडेल ते वेगळं सांगायला नको.

भूतकाळात हाच 'नको' पुन्हा दोन वाटांनी जातो. पाहुण्याने भेटवस्तू आणली आणि तुम्ही म्हणालात, 'एवढं कशाला, आणायला नको होतं', तर 'यू नीडन्ट हॅव ब्रॉट धिस', किंवा कौतुकाच्या सुरात 'यू शुडन्ट हॅव!' पण कोणी तुमची डायरी वाचली आणि तुम्ही म्हणालात 'वाचायला नको होती', तर 'यू शुडन्ट हॅव रेड इट'. तिथे 'नीडन्ट हॅव' लावला तर राग उडून जातो. आणि 'आय डिडन्ट नीड टू गो' म्हणजे जायची गरज नव्हती, गेलो की नाही ते उघडं आहे, बहुधा गेलो नाही. 'आय नीडन्ट हॅव गॉन' म्हणजे गेलो, आणि फुकट गेलो.

'मे नॉट'मध्येही असाच दुटप्पीपणा आहे. 'ही मे नॉट कम' म्हणजे तो कदाचित येणार नाही. 'यू मे नॉट एंटर' म्हणजे प्रवेश बंद. 'ही'ऐवजी 'स्टुडंट्स' घातलं, 'स्टुडंट्स मे नॉट लीव्ह बिफोर फाइव्ह', तर कोणता अर्थ घ्यायचा ते वाक्य सांगत नाही. नियम लिहिताना असा 'मे नॉट' टाळा, 'मस्ट नॉट' लिहा.

राहिलं सहावं वाक्य. त्याच्या पहिल्या भागात 'इफ यू विल नीड' आहे. 'इफ'च्या अटीत भविष्यासाठी साधा वर्तमानकाळ येतो: 'इफ यू नीड एनी चेंजेस'. 'इफ'नंतर 'विल' अजिबात येत नाही, हा वर्गात सांगितला जाणारा नियम मात्र जरा जास्तच कडक आहे. 'इफ यू विल वेट अ मोमेंट, आय विल कॉल हर' हे शुद्ध आणि आदबशीर वाक्य आहे, कारण तिथे 'विल' भविष्य सांगत नाही, तयारी विचारतो: थांबायची तयारी असेल तर. हाच तयारीचा 'विल' नकारात हट्ट होतो. 'द डोअर वोन्ट ओपन', दार उघडायलाच तयार नाही.

दुसऱ्या भागातला 'कॅन एबल टू' हा मला सर्वांत जास्त वेळा दुरुस्त करावा लागणारा शब्दप्रयोग आहे. त्याचे भाऊबंद 'कुड एबल टू', 'विल कॅन', 'मस्ट हॅव टू'. कारण समजलं की ही चूक पुन्हा होत नाही, म्हणून थोडं इतिहासात जाऊ.

'कॅन', 'मे', 'शॅल' आणि 'मस्ट' यांची मुळं जुन्या इंग्रजीत आहेत, आणि तिथे एक विचित्र गोष्ट घडलेली होती: मुळात भूतकाळाची असलेली रूपं वर्तमानाच्या अर्थाने वापरात आली होती. 'कॅन' ज्या धातूतून आला त्याचा अर्थ 'जाणणं' असा होता. जाणून घेतलंय, म्हणून येतंय, म्हणून करू शकतो, असा तो प्रवास. भूतकाळाच्या त्या जुन्या रूपांना तृतीय पुरुषी एकवचनात वेगळा प्रत्यय नव्हता, म्हणून आजही 'ही कॅन' होतं, 'ही कॅन्स' होत नाही. जुनं भूतकाळी रूप वर्तमानासाठी खर्ची पडल्यावर नवा भूतकाळ बनवावा लागला, तो 'कुड'. त्याच्या लेखनातला न उच्चारला जाणारा 'एल'सुद्धा मूळचा नाही, 'शुड' आणि 'वुड' यांच्या देखादेखी नंतर घुसलेला आहे. 'मस्ट'ची गोष्ट तर आणखी पुढची. तो स्वतःच असा नवा बनवलेला भूतकाळ होता, तोही वर्तमानात ओढला गेला, आणि मग त्याला भूतकाळ उरलाच नाही. म्हणून 'हॅड टू' उसना घ्यावा लागतो.

या सगळ्याचा रोजच्या वापरातला परिणाम असा की या क्रियापदांना 'टू'वालं रूप नाही, 'इंग'वालं नाही, तिसरं रूप नाही. त्यामुळे एका मोडलपाठोपाठ दुसरा उभा करता येत नाही, मोडलनंतर थेट मूळ क्रियापद येतं, 'टू' येत नाही ('ऑट टू' तेवढा वेगळा), आणि प्रश्नासाठी किंवा नकारासाठी 'डू'ची मदत लागत नाही. 'येऊ शकेन' म्हणायचं असेल तर 'विल' आणि 'कॅन' एकत्र बसत नाहीत, मग 'कॅन'च्या जागी त्याचा बदली येतो: 'आय विल बी एबल टू कम'. 'जावं लागेल' साठी 'विल मस्ट' नाही, 'विल हॅव टू'. आणि ज्या वाक्यात 'कॅन' आधीच आहे तिथे 'एबल टू'ला काही कामच उरत नाही: 'माय कलीग कॅन मेक देम'. स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात 'माइट कुड'सारखे जोड मोडल बोलीत ऐकू येतात, पण प्रमाण इंग्रजीत ते मान्य नाहीत.

दोन शब्द 'यूज्ड टू' आणि 'वुड' यांबद्दल. पूर्वीची सवय सांगायला दोन्ही चालतात: 'वी वुड प्ले टिल डार्क'. पण सवय नसून स्थिती असेल, राहणं, असणं, आवडणं, माहीत असणं, तर फक्त 'यूज्ड टू'. 'आय वुड लिव्ह देअर' म्हणजे 'मी तिथे राहायचो' असा अर्थ होत नाही, 'मी तिथे राहीन (जर...)' असा होतो.

'शॅल'बद्दल विचारणारे नेहमी 'आय' आणि 'वी'बरोबर 'शॅल', बाकीच्यांबरोबर 'विल' हा नियम पुढे करतात. जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात तो मांडला आणि पुढच्या पाठ्यपुस्तकांनी तो उचलून धरला. आजच्या बोलण्यात तो पाळायचं काहीही कारण नाही. बोलण्यात 'शॅल' जिवंत आहे तो मुख्यतः दोन जागी: 'शॅल आय ओपन द विंडो?' आणि 'शॅल वी गो?' तिथे तो इतका नेमका आहे की 'विल' लावता येत नाही. 'विल आय ओपन द विंडो?' म्हणजे स्वतःच्याच भविष्याबद्दल समोरच्याला विचारणं.

करार, नियम आणि तांत्रिक मसुदे यांत मात्र मोडलची निवड ही शैलीची बाब नसून जबाबदारीची आहे. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांचे दिवाणी कार्यपद्धतीचे नियम २००७ मध्ये सोप्या भाषेत नव्याने लिहिले गेले, तेव्हा त्यातून 'शॅल' काढून टाकला गेला, कारण तो कुठे 'मस्ट', कुठे 'मे', तर कुठे 'शुड' या अर्थाने वाचला जात होता. इंटरनेटचे तांत्रिक मसुदे लिहिणाऱ्यांनी मार्च १९९७ मध्ये आरएफसी २११९ या छोट्या दस्तऐवजात अर्थ बांधूनच टाकले: 'मस्ट' म्हणजे अनिवार्य, 'शुड' म्हणजे सबळ कारण असल्याशिवाय टाळू नये, 'मे' म्हणजे पूर्णपणे ऐच्छिक. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकांत 'शॅल' बंधनकारक, 'शुड' शिफारस, 'मे' परवानगी आणि 'कॅन' शक्यता किंवा क्षमता, अशी वाटणी आहे. तुम्ही ज्या क्षेत्रात लिहिता तिथे अशी व्याख्या असेल तर वर मी सांगितलेलं सगळं बाजूला ठेवा आणि तीच पाळा. नसेल, तर मसुद्याच्या सुरुवातीलाच बंधनासाठी एक शब्द ठरवा आणि शेवटपर्यंत तो बदलू नका. एका कलमात 'शॅल', दुसऱ्यात 'विल', तिसऱ्यात 'मस्ट' असं झालं की वकील तिन्हींना तीन अर्थ लावतील.

कशावर आधी मेहनत घ्यावी, हेही विचारलंच जातं. लँकेस्टर विद्यापीठातले भाषातज्ज्ञ जेफ्री लीच यांनी १९६१ आणि १९९१ या दोन वर्षांतल्या छापील ब्रिटिश इंग्रजीचे दहा-दहा लाख शब्दांचे संग्रह शेजारी ठेवून मोडल मोजले. 'मस्ट', 'शॅल', 'ऑट टू' आणि मोडल म्हणून येणारा 'नीड' यांचा वापर तेवढ्या काळात लक्षणीय घटलेला दिसला. 'विल', 'कॅन', 'कुड' आपल्या जागी भक्कम होते. म्हणून 'ऑट टू' आणि 'डेअर' नुसते वाचून ओळखता आले तरी पुरे, त्यांचा सराव करू नका. 'हॅव टू' आणि 'नीड टू' यांवर हात बसवा, आणि अंदाजाची ती शिडी 'हॅव'च्या रूपांसकट पक्की करा.

सरावासाठी कोणतीही इंग्रजी बातमी घ्या, शक्यतो हवामानाची किंवा एखाद्या घटनेच्या तपासाची, कारण त्यांत अंदाज ठासून भरलेले असतात. एकेका मोडलखाली रेघ मारा, तो जोर लावतोय की अंदाज करतोय ते समासात लिहा, आणि मग त्याच्या जागी शेजारचा मोडल घालून वाक्य मोठ्याने वाचा. 'द फायर मे हॅव स्टार्टेड इन द किचन'मध्ये 'मस्ट' घातला तर बातमीदार कोणता पुरावा हाती असल्याचा दावा करतोय, आणि 'शुड' घातला तर वाक्याचं काय होतं, हे तोंडाने मराठीत सांगून पाहा. जिथे सांगता येणार नाही, तो मोडल त्या आठवड्यात पुन्हा काढा.